पितळी पाटीवर रोमन आकड्यात साल कोरून घेतलं, त्याचा अनुभव (नाशिक, शालिमार)

घराला पंचवीस वर्षं झाली म्हणून रंगकाम काढलं आणि त्यातच ठरलं की गेटवरची जुनी ॲक्रेलिकची पाटी काढून पितळेची लावायची, वर घराचं नाव देवनागरीत आणि खाली बांधल्याचं साल, १९९९, रोमन आकड्यात. रोमनचा हट्ट बाबांचा. ते गणिताचे शिक्षक, पाचवीच्या स्कॉलरशिपची मुलं त्यांनी कितीतरी वर्षं तयार केली, त्यामुळे रोमन संख्याचिन्हं हा त्यांचा अगदी घरचा विषय.

दुकान शालिमारकडून मेनरोडला जाताना आतल्या गल्लीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली एक चूक सांगणारे आणि चूक सोडून बाकी सगळं इतकं चांगलं आहे की नुसत्या चुकीसाठी नाव लक्षात राहू नये. गाडी घेऊन जाऊ नका, लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने जा.

आम्ही १२ बाय ८ इंची, २ एमएम जाडीची पाटी घेतली. पाटीचे २४०० आणि वर कोरायचे प्रत्येक अक्षराला ४० रुपये. मशीनवर कोरतात, मग खाचेत काळा रंग भरतात, वरून लॅकर मारतात म्हणजे पावसाळ्यात पितळ काळं पडत नाही. काउंटरवरच्या मुलाने ऑर्डर लिहून घेतली, 'साल १९९९, रोमनमध्ये' एवढंच, आणि चार दिवसांनी या म्हणाला. आम्हीही प्रूफ, म्हणजे कोरण्याआधी कागदावरचा नमुना, मागितलं नाही, ते मागायला हवं होतं.

चार दिवसांनी गेलो तर पाटी तयार, कोरीवकाम एकदम सुरेख, कडा गुळगुळीत, घराच्या नावाची वेलांटी सुद्धा कुठे तुटलेली नाही. आणि खाली साल लिहिलेलं एम-आय-एम. तीनच अक्षरं. मला काही कळलंच नाही, मला वाटलं बरं झालं छोटं बसलं, पण बाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि त्या मुलाला म्हणाले, "बाळा, हे कुठून काढलंस?"

त्याने सरळ कॉम्प्युटर वळवून दाखवला. एक्सेलमध्ये रोमन नावाचं फंक्शन आहे, आकडा दिला की ते रोमनमध्ये करून देतं. तोपर्यंत ठीक. पण त्यात आकड्यापुढे अजून एक आकडा टाकता येतो, ० ते ४. काहीच टाकलं नाही किंवा ० टाकला तर नेहमीची पद्धत येते आणि जसजसा पुढे जाल तसं उत्तर आखूड होत जातं. ४ टाकला की १९९९ चं थेट एम-आय-एम, म्हणजे एक हजार आणि पुढे हजारातून एक वजा. मुलाने कमी अक्षरात बसेल म्हणून ४ टाकला होता, ग्राहकाचे पैसे वाचतील असं त्याच्या मनात होतं, आणि हे मला खरंच पटलं कारण अक्षरागणिक पैसे घेणाऱ्या दुकानात तो आमचाच फायदा बघत होता.

मग बाबांनी त्याच्याकडून बिलबुक घेतलं आणि बिलाच्या मागच्या बाजूला चार रकाने पाडले, हजार, शतक, दशक, एकक. म्हणाले, रोमन लिहिताना आकडा अख्खा बघायचाच नाही, एकेक घर वेगळं लिहायचं. १००० म्हणजे एम. ९०० म्हणजे सी-एम, हजारातून शंभर कमी. ९० म्हणजे एक्स-सी, शंभरातून दहा कमी. ९ म्हणजे आय-एक्स. सगळे डावीकडून उजवीकडे लावले की एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स, झालं १९९९. आणि वजाबाकीचा नियम पक्का आहे, आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल (५०) आणि सीच्या आधी, सी फक्त डी (५००) आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी कधीच कोणाच्या आधी वजा करायला येत नाहीत. आय उडी मारून थेट एमच्या आधी जाऊन बसू शकत नाही. शाळेत मुलांना वीस-बावीसपर्यंतच लिहायला लावतात त्यामुळे हे मोठ्या आकड्यांचं कोणाच्या लक्षात राहत नाही, त्या मुलाचा त्यात काय दोष.

तेवढ्यात मुलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणाला, "सर, मग हे चार पण चुकलंय का?" त्या घड्याळात चारच्या जागी चार उभ्या रेघा, आय-आय-आय-आय. मी रोज अशी घड्याळं बघते पण कधी नीट पाहिलंच नव्हतं! बाबा इतके खूश झाले त्या प्रश्नाने की पाटी बाजूलाच राहिली. ते घड्याळातलं चूक नाही, घड्याळवाल्यांची ती जुनी रीत आहे. तसं लिहिलं की पहिल्या चार तासांत नुसता आय, पुढच्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स, अशी तबकडीची तीन सारखी वाटणी होते आणि समोरच्या आठच्या जाड आकड्यापुढे चार हलका दिसत नाही. लंडनच्या बिग बेनवर मात्र आय-व्हीच आहे. आणि खुद्द रोमन लोक तरी कुठे एकाच पद्धतीने लिहायचे, रोमच्या कोलोसियममध्ये ४४ नंबरच्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय कोरलंय, म्हणजे चाळीस वजाबाकीने आणि चार बेरजेने, एकाच दारावर दोन्ही. पण आज साल लिहायचं तर जी पद्धत सगळीकडे वाचली जाते तीच लिहायची, असं बाबांचं म्हणणं आणि मला ते बरोबर वाटतं. उद्या कोणी गेटपाशी उभं राहून वाचलं तर त्याला १९९९च कळायला पाहिजे.

एवढ्यात आतून दुकानाचे मालक काका आले, त्यांना सगळं सांगितलं. बाबाच म्हणाले की पाटी उलटी करा, मागची बाजू कोरीच आहे, पॉलिश करून तिच्यावर करा, नुकसान नको. काका म्हणाले, "नाही सर, घराची पाटी आहे, मागे चुकलेलं साल असलेली पाटी मी देणार नाही." नवीन पत्रा कापला. तीनाची सात अक्षरं झाली म्हणजे १६० रुपये वाढायला हवे होते, ते पण घेतले नाहीत, मी दोनदा म्हटलं तरी नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी आधी कागदावर खऱ्या मापाचं प्रूफ काढून दिलं. त्यात एक गोष्ट मला फार आवडली, काकांनी स्वतःहून फॉन्ट बदलला. पहिल्या पाटीत आय म्हणजे नुसती उभी रेघ होती, ओरखडा वाटावा अशी. आता प्रत्येक आयच्या डोक्यावर आणि पायाशी बारीक आडवी रेघ आहे, त्यामुळे तो अक्षर म्हणून उभा राहतो, आणि एम रुंद, आय अरुंद असल्याने मधली जागा सारखी न ठेवता डोळ्यांनी जुळवून घेतली आहे. बोट फिरवलं की खाचेची कड लागते पण टोचत नाही. असं काम हल्ली बघायला मिळत नाही.

दुसरी पाटी तीन दिवसांत मिळाली. घासायची नाही असं बजावून सांगितलंय, पावडरने घासलं की लॅकर निघतं, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पहिल्यांदा प्रूफ न दाखवल्याबद्दल. तुम्ही साल रोमनमध्ये टाकणार असाल तर घरूनच चार रकाने पाडून लिहून न्या आणि अक्षरं मोजून न्या, कारण बिल त्यावर ठरतं. २००० साल असेल तर एम-एम, दोनच अक्षरं. १८८८ सालचा जुना वाडा असेल तर तेरा अक्षरं लागतात, एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, पाटी लांबच घ्यावी लागेल.

ताईचं घर २०१८ चं आहे, तिची पाटी दिवाळीच्या आत तिथेच टाकायची आहे. बाबांनी कागद लिहून माझ्या पर्समध्ये ठेवून पण दिलाय, एम-एम-एक्स-व्ही-आय-आय-आय, सात अक्षरं, २८० रुपये.