मॅटसिमचे आठ महिने: सरासरी प्रतीक्षा चार मिनिटे, पण नाकारलेले प्रवासी?

जुन्या सशुल्क पॅकेजच्या नूतनीकरणाचे स्मरणपत्र गेल्या आठवड्यात आले आणि ते शेवटचे उघडून आठ महिने झाल्याचे लक्षात आले. मागणीनुसार धावणाऱ्या छोट्या बससेवेच्या नियोजनासाठी ते घेतले होते. त्याचा परवाना संगणकाच्या मदरबोर्डला बांधलेला होता. मदरबोर्ड जळाला, तेव्हा नव्या किल्लीसाठी अकरा दिवस पत्रव्यवहार चालला. दर वेळी उत्तर देणारा माणूस नवा आणि प्रश्न मात्र तोच, की मशीनचा क्रमांक पाठवा. त्या अकरा दिवसांत वैतागून, आणि खरे सांगायचे तर थोड्या चिक्कूपणानेही, मी मॅटसिम, म्हणजे माणसांच्या दिवसभराच्या प्रवासाची संगणकावर नक्कल करणारे फुकट सॉफ्टवेअर, आणि मागणीनुसार धावणाऱ्या सेवांसाठीचा त्याचा डीआरटी विभाग उतरवून घेतला. प्लॅन्सची, म्हणजे प्रत्येकाच्या दिनक्रमाची, फाइल कशी असते, नकलेच्या शेकडो फेऱ्यांमध्ये माणसे तो दिनक्रम कसा सुधारत जातात, याच्या खोलात इथे शिरत नाही.

पहिला महिना निव्वळ आनंदाचा होता. फुकट मिळालेली वस्तू इतकी सखोल असू शकते यावर विश्वास बसत नव्हता. प्रत्येक गाडी, प्रत्येक प्रवासी आणि प्रत्येक चढ-उताराची नोंद सेकंदासह हाताशी होती. 40 गाड्यांचा ताफा धरून केलेल्या नकलेच्या पहिल्या मोठ्या धावेत सरासरी प्रतीक्षा चार मिनिटांच्या जराशी वर आली. मी तो आलेख मोठ्या अक्षरांत छापून बैठकीत ठेवला. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो दोन मिनिटे पाहिला आणि विचारले, ‘‘नाही म्हटलेले किती?’’

ग्राहकांच्या सांख्यिकीच्या फाइलमध्ये नकारांचा एक स्तंभ असतो. तो मी पाहिलाच नव्हता. शंभरातल्या एकवीस विनंत्या नाकारल्या गेल्या होत्या.

यापुढचे लिखाण बरेचसे त्या एका स्तंभाविषयी आहे आणि त्याला मी गरजेपेक्षा जास्त महत्त्व देत आहे असे कोणी म्हटले, तर माझी हरकत नाही. डीआरटीची मूळ पद्धत अशी आहे: विनंती आली की तिचा चढण्याचा आणि उतरण्याचा थांबा प्रत्येक गाडीच्या ठरलेल्या वेळापत्रकात निरनिराळ्या जागी बसवून पाहिला जातो; त्यामुळे आधीच्या कोणाची मर्यादा मोडत असेल, तर ती जागा बाद होते; आणि एकही जागा उरली नाही, तर विनंती नाकारली जाते. मर्यादा दोन. जास्तीत जास्त प्रतीक्षा आपण ठरवतो. मी 10 मिनिटे दिली होती. दुसरी मर्यादा विनंती केल्यापासून पोहोचेपर्यंतच्या एकूण वेळेची असते आणि ती थेट प्रवासाची वेळ गुणिले अल्फा, अधिक बीटा अशी काढली जाते. माझा अल्फा 1.5 होता आणि बीटा 5 मिनिटे.

त्या दिवशी रात्री मी नाकारलेली एकच विनंती उचलून तिचा माग काढला. वेळ सकाळचे 8:12. थेट प्रवास 9 मिनिटांचा, म्हणजे एकूण मुभा साडेअठरा मिनिटे. 8:30:30 पर्यंत पोहोचणे भाग. सर्वांत सोयीची गाडी 8 मिनिटे 50 सेकंदांनी, म्हणजे 8:20:50 ला दारात येऊ शकत होती. चढण्याचा थांबा मी सरसकट 60 सेकंद ठेवला होता, म्हणून गाडी 8:21:50 ला निघणार आणि 8:30:50 ला पोहोचणार. वीस सेकंदांनी मुभा ओलांडली गेली आणि विनंती नाकारली गेली. प्रत्यक्षात असा प्रवासी वीस सेकंदांसाठी घरी परतत नाही. पण फाइलमध्ये तो त्या फेरीपुरता तिथेच अडकून पडतो आणि त्याच्या प्रतीक्षेची मिनिटे सरासरीत कधीच येत नाहीत. सरासरी सुंदर दिसते, कारण ज्यांनी ती बिघडवली असती ते मोजणीतूनच बाहेर गेलेले असतात. शिवाय 10 मिनिटांचे छत आपणच घातलेले असताना सरासरी त्याच्या आत राहिली याचे कौतुक ते काय करायचे!

तेव्हा मी सॉफ्टवेअरवर चिडले. दोन-तीन आठवड्यांनी मात्र माझे मत बदलले. मर्यादा मोडली तरी विनंती नाकारू नये, असा खटका तिथे आहे, आणि तो मी हात न लावता तसाच सोडला होता. खटका बदलून तीच धाव पुन्हा केली, तेव्हा नकार शून्यावर आले आणि सकाळच्या गर्दीतली प्रतीक्षा इतकी फुगली की काही प्रवाशांना अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबावे लागले. सेवा तीच होती आणि ताफाही तोच. तुटवडा फक्त एका स्तंभातून दुसऱ्यात सरकला होता. तेव्हापासून प्रत्येक पर्याय मी दोन्ही पद्धतींनी चालवते आणि नकारांचा आकडा शेजारी नसेल, तर प्रतीक्षेचा आकडा कोणालाही दाखवत नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी नोंदींवरचा 2017 मधला गाजलेला अभ्यास या दृष्टीने पुन्हा वाचावा. चार आसनी 3,000 गाड्या 2.8 मिनिटांच्या सरासरी प्रतीक्षेत काम भागवू शकतात, हे सगळ्यांच्या लक्षात राहते. पण ‘98 टक्के मागणी’ हे शब्द त्याच वाक्यात होते आणि त्यांच्याशिवाय 2.8 ला काही अर्थ नाही.

दुसरी खोड जास्त महागात पडली, आणि तीही माझीच म्हणावी लागेल. संगणकाची स्मृती वाचवण्यासाठी मॅटसिममध्ये लोकसंख्येचा दहा टक्के नमुना घेऊन रस्त्यांची क्षमताही 0.1 पट करण्याची पद्धत रूढ आहे. मोटारींच्या कोंडीसाठी हे बऱ्यापैकी चालते, म्हणून ताफाही एक दशांश करून उत्तराला शेवटी दहाने गुणावे असे मला वाटले. पण क्षमता कमी केली म्हणून रस्त्यांची लांबी कमी होत नाही. मोकळ्या गाड्या प्रदेशभर विखुरलेल्या असतील, तर सर्वांत जवळच्या गाडीचे अंतर गाड्यांच्या घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. घनता एक दशांश झाली की ते अंतर √10, म्हणजे सुमारे 3.16 पट होते. पूर्ण ताफ्यात 500 मीटरवर असणारी गाडी नमुन्यात दीड किलोमीटरपलीकडे जाते. त्यात एकाच दिशेने, एकाच वेळी निघालेले दोन प्रवासी सापडण्याची शक्यताही घटते, म्हणजे सहप्रवास जुळत नाही. माझ्या दहा टक्के नमुन्याला नकार पाच टक्क्यांखाली ठेवायला 34 गाड्या लागल्या, म्हणून मी अहवालात 340 लिहिले. पूर्ण मागणीवर धाव केली, तेव्हा तेवढ्याच नकारांत 210 गाड्यांनी भागले. जास्तीच्या 130 गाड्या गुणाकाराने निर्माण केल्या होत्या, आणि त्यांचे चालक, इंधन व पार्किंग मी अंदाजपत्रकातही धरून बसले होते.

पूर्ण मागणीची धाव माझ्या मशीनवर सुरुवातीला तीनदा कोसळली. दर वेळी पहाटे, दर वेळी जावाची (मॅटसिम ज्या संगणकभाषेत आहे तिची) स्मृती संपल्याच्या त्याच ओळीवर. शेवटी एक आडमार्ग कामी आला: मोटारींची वाहतूक नमुन्यावर चालवून रस्त्यांवरच्या प्रवासवेळा एकदा काढून ठेवायच्या, त्या गोठवायच्या, आणि मग मागणीनुसार सेवेच्या विनंत्या तेवढ्या शंभर टक्के घेऊन चालवायच्या. यात आपल्या गाड्यांमुळे होणारी कोंडी हिशेबातून सुटते. ताफा लहान असेल तर चालते, मोठा असेल तर चालणार नाही.

हे घनतेचे गणित कागदापुरते नाही. हेलसिंकीतली कुत्सुप्लुस ही अशीच मागणीनुसार धावणारी सेवा 2012 मध्ये सुरू झाली आणि 2015 च्या अखेरीस बंद पडली. तिच्याकडे शेवटी 15 छोट्या बस होत्या. एवढ्या गाड्या शहरभर पसरल्या की प्रत्येक विनंतीला गाडी लांबून येणार, रिकामी धाव वाढणार आणि दोन प्रवाशांचे मार्ग क्वचितच जुळणार. लहान प्रयोग करून खर्च तपासू, जमले तर ताफा वाढवू, ही सावध वाटणारी रीत या सेवेला मुळातच प्रतिकूल आहे. दहा टक्के नमुन्याने मला कागदावर जे दाखवले, तेच तिथे रस्त्यावर घडत असावे, असा माझा तर्क आहे.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. मूळ पद्धत सर्वांत जवळची गाडी पाठवत नाही. जिच्या वेळापत्रकात सर्वांत कमी वेळेची भर पडेल ती पाठवते. हे गाड्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, पण रस्त्यावर ताटकळणाऱ्याला पटवून सांगणे कठीण जाते. नव्या आवृत्तीत काही मापदंडांच्या जागा बदलल्याने माझ्या जुन्या फाइली निकामी झाल्या. यादृच्छिकतेचे बीज, म्हणजे नकलेतले योगायोग ज्यावरून ठरतात तो सुरुवातीचा आकडा, न बदलता एकच धाव पुन्हा पुन्हा करून ‘निकाल स्थिर आहे’ म्हणणाऱ्यांत मीही होते. 4711 हा मॅटसिमने आधीच भरून दिलेला आकडा ज्यांच्या फाइलमध्ये अजून तसाच आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आता मी पाच बीजांवर धाव करते, आणि नकारांतला फरक बघून बऱ्याचदा लाज वाटते.

राहता राहिला तो 60 सेकंदांचा थांबा. काठी टेकत चढणारे आजोबा आणि पाठीवर दप्तर टाकून उडी मारणारा मुलगा यांना माझ्या फाइलमध्ये सारखाच वेळ लागतो. कोड लिहून ही वेळ प्रवाशागणिक बदलता येते आणि ते मला करायचे आहे. तूर्त 60 च्या जागी 30 लिहून पाहिले: 8:12 चा तो प्रवासी 8:30:20 ला पोहोचला, पण दुसऱ्याच एका गाडीतले कोणी तरी नकारांच्या स्तंभात गेले. ते कोण, हे अजून शोधते आहे.