डबीतलं पेस्ट वॅक्स की बाटलीतलं स्प्रे सीलंट? मुंबईच्या थंडीतला माझा अनुभव

मुंबईत गाडीला घरच्या घरी वॅक्स करायचं तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचे दिवसच कामाचे. मे महिन्यात सकाळी नऊलाच बॉनेटचा हाताला चटका बसतो. पावसाळ्यात गाडी कोरडी मिळायचीच मारामार. त्यामुळे हौस असलेला प्रत्येक जण याच दिवसांत कपाटातून सामान बाहेर काढतो, आणि नव्याने सुरुवात करणारा हमखास विचारतो की डबीतलं पेस्ट वॅक्स घ्यावं की बाटलीतलं स्प्रे सीलंट.

मी गेले चार हिवाळे दोन्ही वापरलीत. गाडी एकच, नऊ वर्षांची, गडद निळी. जागाही एकच, मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीचं उघडं पार्किंग. तुमची गाडी पांढरी असेल आणि बेसमेंटमध्ये उभी राहत असेल, तर माझं म्हणणं थोडं सैल करून वाचा.

आधी पॉलिशचं उरकून घेतो, कारण ते दोन्हीकडे सारखंच आहे. पॉलिश रंगाचा वरचा थर घासून काढतं, वॅक्स किंवा सीलंट त्यावर थर चढवतं. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो दर दोन महिन्यांनी घासायची गोष्ट नाही. मी वर्षातून एकदा, जानेवारीत, हातानेच हलकं पॉलिश करतो, आणि तेही ओरखडे दिसतील तिथेच. आमच्यासारखी गाडी रेल्वेलाइनजवळ उभी राहत असेल तर पॉलिशच्या आधी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवाच. ब्रेकच्या लोखंडाचे कण रंगात रुतून बसतात. पांढऱ्या गाडीवर ते तांबूस ठिपके होऊन दिसतात. गडद गाडीवर दिसत नाहीत, पण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवरून फिरवला की बारीक रव्यासारखे बोटांना लागतात. ते न काढता वर काहीही लावलं तरी पैसे वाया.

आता डबी. पेस्ट वॅक्समधला मुख्य घटक कार्नोबा, म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं मेण. ते वितळायला 80 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून डबीतल्या मिश्रणात ते मऊ करायला द्रावक घातलेला असतो. लावल्यावर हा द्रावक उडून जायची वाट बघायची, वर पांढुरकी साय धरली की पुसून काढायची. कृती एवढीच. नीट जमलं तर गडद रंगावर जी खोली येते ती मला दुसऱ्या कशानेही आणता आलेली नाही. देवळातल्या तेल माखलेल्या काळ्या पाषाणाला येते ना, तशी ओलसर झाक. शिवाय बारीक ओरखडे थोडेफार बुजतात. आमच्या तळमजल्यावरच्या काकांनी प्रीमियर पद्मिनीला वर्षानुवर्षं पेस्टच लावली. त्यांचं मत अजूनही ठाम आहे, "अरे, डबीतलं लावताना गाडी इंच न् इंच हाताखालून जाते. कुठे काय झालंय ते कळतं तुला." यात खोटं काही नाही. मागच्या दाराच्या कडेला धरू लागलेला गंज मला पेस्ट लावतानाच सापडला होता.

स्प्रे सीलंट म्हणजे सिंथेटिक पॉलिमर, हल्ली बऱ्याच बाटल्यांत सिलिकाही असते. दोन फवारे मारायचे, एका कपड्याने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्या कपड्याने लगेच पुसायचं. साय धरायची भानगड नाही. चमक मात्र वेगळी, काचेसारखी. स्वच्छ दिसते, पण पेस्टची ऊब तिच्यात नाही. ओरखडेही ती झाकत नाही, जसे आहेत तसे दाखवते.

इथवर वाचून डबीचं पारडं जड वाटेल. दोन वर्षं माझ्याही मनात ते जडच होतं.

मग थंडीकडे या. डब्यांवर आणि बाटल्यांवर छापलेल्या सूचना, फार थंडीत वापरू नका वगैरे, आपल्याकडे जशाच्या तशा लागू होत नाहीत. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यांत कमी तापमान 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 चं. एरवी जानेवारीत पहाटे 16–17 अंश आणि दुपारी तिशी. या थंडीत पेस्ट दगडासारखी होत नाही की स्प्रे गोठत नाही. आपली अडचण दवाची आहे. रात्री निरभ्र आकाशाखाली गाडीचा पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि त्यावर दव धरतं. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. पुसून काढलं तरी पत्रा गारच असतो, आणि आठच्या आत पुन्हा दमट होतो. हाताची पालथी बाजू बॉनेटला लावून बघा, ओल नसली तरी चिकट गारवा लागतो. त्यावर लावलेलं पेस्ट लवकर साय धरत नाही. बोट ओढून बघायचं, रेघ स्वच्छ उठली तर पुसायला तयार, फासलं गेलं तर थांबायचं. साडेआठला माझं बोट फासत असतं, पावणेनऊलाही फासतच असतं. आणि साडेनऊला समोरच्या इमारतीच्या टाकीमागून ऊन आलं की तेच बॉनेट दहा-पंधरा मिनिटांत तापतं, आणि मघाशी ओलं असलेलं वॅक्स असं घट्ट बसतं की पुसताना खांदा दुखून येतो. म्हणजे हातात वेळ तास-दीड तास, आणि त्यातला अर्धा वाट बघण्यात जातो.

वाट बघायला माझी हरकत नव्हती. त्या अर्ध्या तासात गाडीवर जे येऊन बसतं, त्याची होती.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे. मुलुंडला आज कोणत्याही गल्लीत उभे राहा, एक तरी इमारत पाडली जात असते किंवा उभी राहत असते. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने धुळीसाठी नियम केले, 70 मीटरहून उंच इमारतीच्या कामाभोवती 35 फूट पत्रा, बांधकामाला हिरवं कापड, पाणी मारणं. त्याने फरक पडतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण थंडीत सकाळची हवा हलत नाही, आणि जी बारीक सिमेंटची पूड वर उडते ती हळूहळू खालीच बसते. तिसऱ्या हिवाळ्यात, एका रविवारी, मी उजव्या बाजूच्या दोन्ही दारांना पेस्ट लावून चहाला वर गेलो. बायकोने उपम्याची बशी पुढे केली, म्हणून वीस मिनिटं झाली. खाली आलो तेव्हा वॅक्सची साय नेहमीच्या पांढुरक्या रंगाची नव्हती, राखाडी होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तर पिठी चाळल्यासारखा सारखा थर. ओल्या वॅक्सवर बसलेली धूळ कपड्याने झटकून जात नाही, ती वॅक्समध्येच मुरते. मी मायक्रोफायबरचा मऊ कपडा अगदी हलक्या हाताने फिरवला. तरी पुसताना तो आवाज आला, पाटीवर कोरडी पेन्सिल ओढल्यासारखा बारीक. त्या दिवशी संध्याकाळी स्ट्रीटलाइटखाली मागच्या दारावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलगोल ओरखडे चमकत होते. आधी पॉलिशला गेलेली अख्खी शनिवार दुपार त्या वीस मिनिटांत संपली.

डबी की बाटली, याचा निकाल माझ्यापुरता त्या मागच्या दाराने लावला.

स्प्रेला साय धरू द्यायची नसते. फवारा मारल्यापासून कोरडा कपडा फिरेपर्यंत एका पॅनलला मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात धूळ बसणारच नाही असं नाही, पण मुरायला तिला वेळ मिळत नाही. सगळी गाडी पंचवीस-तीस मिनिटांत होते. म्हणजे दव उतरल्यानंतर आणि ऊन यायच्या आत, दोन्हींच्या मधल्या फटीत काम बसतं. सकाळ चुकली तर संध्याकाळी सहानंतर, पत्रा निवला की, पार्किंगच्या दिव्याखालीही जमतं. पेस्ट दिव्याखाली करून बघा, पुसायचं राहून गेलेलं दुसऱ्या दिवशी उन्हात दिसतं, आणि वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग राहिले तर ते टूथब्रशने काढत बसावं लागतं.

तरी मनाची खात्री करायला मी गेल्या वर्षी बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. डावीकडे पेस्ट, उजवीकडे स्प्रे. दुसऱ्या दिवशी पहाटे दव पडलं तेव्हा डावीकडचे थेंब साबुदाण्यासारखे गोल, एकसारखे, सुंदर होते. उजवीकडचे थोडे लहान, मोहरीच्या आसपास. पहिले तीन आठवडे डावी बाजू सरस होती, हे मान्य करायला हवं. मार्चच्या सुरुवातीला डावीकडचं पाणी पसरायला लागलं. उजवीकडचं मेच्या मध्यापर्यंत थेंब धरून होतं. हे मोजमाप म्हणता येणार नाही, एका गाडीची एका वर्षाची गोष्ट आहे. तुमच्या पार्किंगला दिवसभर सावली असेल तर पेस्टही जास्त टिकेल. मला वाटतं, धुळीमुळेही फरक पडला असावा. उजव्या बाजूची धूळ नुसत्या पाण्याने वाहून जायची, डावीकडची थोडी घासावी लागायची, आणि घासलं की वॅक्स जातं.

स्प्रेचे दोषही सांगतो. जास्त मारलं की गडद रंगावर धुरकट पट्टे राहतात, आणि ते तेव्हा दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी दिसतात. एका दाराला दोन फवारे पुरे, तिसरा मोहात पडून मारू नका. दुसरा कपडा खरंच कोरडा हवा. मी तीन ठेवतो, कारण मुलुंडच्या सकाळच्या हवेत दुसराही चार पॅनलनंतर दमट होतो. आणि खऱ्या थंडीत स्प्रेची गंमत जाते. सासुरवाडी निफाडकडे. दोन वर्षांमागे डिसेंबरच्या शेवटी तिकडे अंगणात सकाळी बाटली काढली. पारा आठ-नऊच्या आसपास होता. फवारा पत्र्यावर ओलाच राहिला, पुसला तसा नुसता पसरत गेला, पट्टेच पट्टे. त्याच दुपारी ओसरीच्या सावलीत डबी काढली. पेस्ट कडक होती, पण रात्रभर घरात ठेवलेली असल्याने बोटाने निघाली. साय धरायला पाऊण तास लागला. घाई कुणाला होती? शेजारी पाडकाम नाही, डोक्यावर ऊन नाही, मेहुणा चहा घेऊन बसलेला. त्या दिवशीसारखी चमक गाडीला मुंबईत कधी आली नाही.

म्हणून डबी वाईट असं माझं म्हणणं नाही. बंद गॅरेज असेल, बंगल्याची पोर्च असेल, ठाणे-नाशिकच्या पुढे घर असेल आणि रविवार मोकळा असेल, तर डबीच घ्या. हातांना तिचा आनंद वेगळा आहे. उघड्या पार्किंगमध्ये, आजूबाजूला बांधकाम, वेळ सकाळचा तासभर, अशी परिस्थिती असेल, म्हणजे मुंबईतल्या बहुतेकांची असते तशी, तर मी बाटली घेईन. सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर बसवायच्या टिकाऊ कडक थराचं, कुणी सुचवलं तर ते दुकानाचं काम आहे, घरच्या पार्किंगमध्ये त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन्हींपैकी काहीही लावा, त्यानंतर रोज सकाळी ओलं फडकं फिरवणाऱ्या मुलाशी मात्र बोला. त्याची चूक काही नाही. बादली एक, फडकं एक आणि गाड्या पंधरा-वीस, तो तरी काय करणार. पण आधी पुसलेल्या गाडीची रेती आपल्या बॉनेटवर येते आणि लावलेलं सगळं महिन्याभरात निघून जातं. मी त्याला पैसे तेवढेच देतो आणि फक्त काचा नि टायर पुसायला सांगतो. रंगाला हात मीच लावतो, रविवारी, भरपूर पाणी ओतून.

डबीत अजून अर्धं वॅक्स शिल्लक आहे. दारांच्या आतल्या चौकटींना मी तेच लावतो, तिथे धूळ बसत नाही आणि ऊनही पोचत नाही. बाकीची डबी डिकीतल्या पिशवीत असते, निफाडला जाताना बरोबर यावी म्हणून.