विहिरीचं पाणी, आजारी ॲक्सोलॉटल आणि लिक्विड टेस्ट किट: वर्षभराच्या वापरानंतर

कोकणात ॲक्सोलॉटल (कायम पाण्यात राहणारा, कल्ल्यांचा सॅलमँडर) पाळायचा विचार असेल आणि घरी विहिरीचं पाणी असेल, तर टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरच्याही आधी लिक्विड टेस्ट किट, म्हणजे थेंब टाकून पाणी तपासायचं किट, घ्या. त्याच ऑर्डरमध्ये केएच (पाण्यातला कार्बोनेटचा जडपणा, जो आम्ल शोषून घेतो) मोजायची सुटी बाटलीही मागवा, कारण ती बहुतेक किटमध्ये नसते. मी गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून हे किट वापरतेय. आता पुन्हा मिरग जवळ आलाय, म्हणून ज्यांच्याकडे टाकी आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आमचं घर रत्नागिरीजवळ, जांभ्याच्या सड्याला लागून. विहिरीचं पाणी प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, साबणाला भरपूर फेस येतो. म्हणजेच पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत. ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या तलावातला, सुमारे २,२४० मीटर उंचीवरचा. तिथलं पाणी थंड आणि जड. थंडावा चिलर देतो. जडपणा कुठून आणायचा, हे दुकानदार सांगत नाहीत आणि डोळ्यांना दिसतही नाही.

श्रावणात आमची ॲक्सोलॉटल मोती आजारी पडली तेव्हा थर्मामीटर १७ अंश दाखवत होता आणि पाणी तळापर्यंत नितळ होतं. तिचे कल्ले मात्र पुढच्या बाजूला वळले होते आणि शेपटीचं टोक गुंडाळलेलं होतं. गांडूळ तोंडासमोर धरलं तरी मान फिरवायची. मग एका कल्ल्यावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसायला लागली.

किट काढलं. अमोनियाची (प्राण्याच्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या विषाची) नळी पिवळी राहायला हवी, ती गडद हिरवी झाली. नायट्राइट शून्य. पीएच (जितका कमी तितकं पाणी आम्ल) तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या रंगावर, ६ वर. म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खालीही असू शकतो. मग केएच. या चाचणीत नळीतलं पाणी निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे एक डिग्री. आमचं पाणी निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला पिवळं. आजाराचं मूळ त्या एका थेंबात होतं.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यात आम्ल तयार होतं आणि ते केएच खाऊन टाकतं. केएच संपलं की पीएच घसरतो, आणि पीएच ६ च्या आसपास आला की हे जिवाणू जवळजवळ कामच थांबवतात. फिल्टर चालू असतो, पाणी फिरत असतं, पण अमोनिया साचत जातो. पावसात सड्यावरचं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा मुळातच तुटपुंजं केएच आणखी कमी होतं.

अशा वेळी खाण्याचा सोडा टाकून पीएच चढवू नका, हे अगदी कळकळीने सांगते. कमी पीएचला बराचसा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो त्या मानाने सौम्य. पीएच झटकन वाढला तर त्यातल्या काही भागाचा विषारी अमोनिया होतो. आधी जनावर बाहेर काढायचं, मग टाकीचं बघायचं.

मोतीला झाकणाच्या टबमध्ये हलवलं. आमच्या भागातले डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघतात, म्हणून पुण्याच्या एका डॉक्टरांशी व्हिडिओ कॉलवर बोलले. त्यांनी टबचं सगळं पाणी रोज बदलायला सांगितलं आणि बिनआयोडीनच्या जाड्या मिठाचं पाणी दिलं: लिटरला २ चहाचे चमचे, १० मिनिटं, दिवसातून दोनदा. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर कातडीला आणि कल्ल्यांना इजा होते. आई घड्याळ घेऊन शेजारी बसायची. "अगो, काढ आता तिला, दहा मिनिटं झाली," म्हणून हाक मारायची. बुरशी हळूहळू सुटत गेली. पुढे खुंट झालेल्या कल्ल्यावर लाल, बारीक धागे फुटताना दिसले तेव्हा आम्ही दोघी टबवर वाकून बघत बसलो. अवयव पुन्हा वाढवण्याची या प्राण्याची ताकद वाचून माहीत होती. आपल्या घरात ती बघणं फार वेगळं.

आता किटबद्दल. आधी मी पाण्यात बुडवून रंग बघायच्या टेस्टच्या पट्ट्या वापरायचे. आमच्या पावसाळी हवेत डबी दोन-चारदा उघडली की पट्ट्यांना दमट लागते आणि रंग भरवशाचे राहत नाहीत, शिवाय त्यांत बहुधा अमोनियाची चाचणी नसतेच. लिक्विड किटला वेळ लागतो, पण आकडा विश्वासाचा. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवलीच पाहिजे. तळाला बसलेली पूड मिसळली नाही तर नायट्रेट आहे त्यापेक्षा कमी दिसतं. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि फिकट हिरवा यांत गल्लत होते. माझी खरी तक्रार तक्त्याबद्दल आहे. शून्य आणि त्याच्या पुढचा रंग इतके जवळचे छापलेत की शंका राहतेच. मी शंका आली की अमोनिया आहे असंच धरते आणि पाणी बदलते.

केएच टिकवण्यासाठी आता फिल्टरमध्ये तिसऱ्यांचे शिंपले ठेवलेत. उकळून, गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढून, कडक उन्हात वाळवून, कुटून जाळीच्या पिशवीत. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आम्ल होईल तसा विरघळतो. आमचं केएच आता ४ थेंबांवर स्थिर आहे. टाकीच्या तळाला मात्र शिंपले टाकू नका. ॲक्सोलॉटल समोर येईल ते गिळतो आणि आतडं तुंबतं.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीचे लोक विहिरीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतात. माणसांसाठी ते हवंच. पण हे किट क्लोरीन मोजत नाही. आरोग्यसेवक वापरतात ती ओटी टेस्टची बाटली मी वेगळी घेतली. त्यात पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, मग तो घालवणारं सोडियम थायोसल्फेट घातल्याशिवाय ते टाकीत जात नाही.

चिलर चांगला चालतोय, मे महिन्यातही पाणी १८ च्या वर गेलं नाही. तो गरम हवा बाहेर टाकतो, म्हणून खिडकीजवळ ठेवा. पावसाळ्यात गार काचेवर दिवसभर दव जमतं आणि खाली निथळतं. प्लायवूडचं स्टँड त्याने फुगतं, लोखंडी घ्या. वायर प्लगच्या खाली झोल देऊन सोडा, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरणार नाही. लाइट गेली की आमचा इन्व्हर्टर फक्त एअर पंप ओढतो, चिलर नाही. तेव्हा फ्रीझरमधल्या बर्फाच्या बाटल्या कामी येतात. कॅनिस्टर (टाकीबाहेरचा, बंद डब्याचा) फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर चालू करताना आतलं कुबट पाणी आधी बादलीत सोडा, टाकीत नको.

किटमधल्या अमोनियाच्या दोन बाटल्या बरोबरच संपतात, तेव्हा जोडीच मागवा. केएचची मात्र त्याही आधी संपते. दोन्ही गणपतीच्या आधीच मागवून ठेवा, सणाच्या दिवसांत कुरियर इकडे वेळेवर पोचत नाही.