पिवळी पानं, ‘व्हायरस’चं निदान आणि बिनलेबलची बाटली: माझी झालेली फसवणूक

माझ्या परसबागेतल्या साठ टोमॅटोच्या झाडांपैकी अकरा झाडं मी स्वतःच्या हाताने उपटून टाकली. त्यातल्या एकालाही रोग नव्हता. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

तो माणूस स्वतःला पीक सल्लागार म्हणवायचा. पहिल्यांदा आला तेव्हा झाडं फुलावर होती. ‘‘ताई, फळ फुगायला पोटॅश लागतंच,’’ म्हणून त्याने शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे निम्मं पोटॅश असलेलं खत दिलं आणि दर चार दिवसांनी ठिबकमधून सोडायला सांगितलं. खत अस्सल होतं, पिशवीवर सगळं छापलेलं होतं. तिथेच माझा विश्वास बसला.

महिन्याभरात खालची पानं पिवळी पडायला लागली. मी फोटो पाठवले आणि तासाभरात तो दारात हजर. दोन पानं खुडली, उलटसुलट केली आणि म्हणाला, ‘‘व्हायरस आलाय. आठ दिवसांत अख्खी बाग जाईल.’’ मूळ पाहिलं नाही, माती हातात घेतली नाही, मी काय काय घालते तेही विचारलं नाही. पिशवीतून एक पांढरी बाटली काढली. तिच्यावर नाव नाही, घटक नाही, तारीख नाही. ‘‘थेट कंपनीतून येतं, म्हणून लेबल नसतं.’’ मी घाबरले होते. पैसे दिले, पावती मागितली नाही. जास्त पिवळी अकरा झाडं त्याच्या सांगण्यावरून उपटली आणि उरलेल्यांवर फवारणी केली.

तिसऱ्या दिवशी कोवळ्या शेंड्यांच्या कडा करपल्या. फोन केला तर म्हणाला, ‘‘औषध लागू पडतंय, अजून एक हात मारा.’’ मी मारला. त्यानंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

शेवटी माझी एक मैत्रीण आली. ती कृषी विषय शिकवते. तिने बारावं झाड उपटलं, पण ते तपासण्यासाठी. मुळं पांढरी होती, सूत्रकृमीच्या (मातीतल्या बारीक किड्यांच्या) गाठी नव्हत्या, कुजल्याचा वास नव्हता. खोडाला बुडाशी उभी चीर दिली. आतला भाग स्वच्छ होता. मर रोग असता तर तिथे तपकिरी रेघा दिसल्या असत्या, असं ती म्हणाली. मग तिने खालचं एक पान उजेडाकडे धरलं आणि मला बघायला लावलं. शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा, जणू हिरव्या धाग्यांची जाळी. शेंड्याची पानं मात्र करपलेल्या कडा सोडल्या तर हिरवी होती.

‘‘महिनाभर काय घालत होतीस?’’ हा तिचा पहिला प्रश्न. शून्य-शून्य-पन्नास म्हटल्याबरोबर तिने मान हलवली. पोटॅश फार झालं की झाडाला पानं हिरवी ठेवणारं मॅग्नेशियम नीट उचलता येत नाही. मग झाड जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. म्हणजे ज्याने रोग ‘ओळखला’, त्यानेच तो महिनाभर घडवला होता. हे कळलं तेव्हा पैशांपेक्षा त्या अकरा झाडांचं जास्त वाईट वाटलं.

टोमॅटोवर व्हायरस येतो, हे खरं आहे. त्यातला पानं वळवणारा व्हायरस पांढरी माशी पसरवते. पण त्यात शेंड्याची पानं बारीक होऊन वर वळतात, द्रोणासारखी दिसतात आणि झाड खुजं राहतं. मुख्य म्हणजे एकदा लागण झाली की झाड बरं करणारं औषधच नाही. माशी आवरायची आणि लागण झालेलं झाड काढायचं, एवढंच हातात असतं. व्हायरसवर इलाज म्हणून कुणी बाटली विकत असेल तर ती घेऊच नका. खालची पानं शिरांसकट सरसकट फिकी पडली तर आधी नत्राची कमतरता आणि साचलेलं पाणी तपासा. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह बघा. पानावर गोल वलयांचे डाग असतील तर तो करपा.

मी पोटॅश थांबवलं. एका लिटरला पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घेऊन संध्याकाळी आधी फक्त दोन झाडांवर फवारलं. पिवळी झालेली जुनी पानं फारशी सुधारली नाहीत, पण पिवळेपणा वर सरकायचा थांबला. मग बाकीच्या झाडांवर फवारलं.

त्या बाटलीच्या फवारणीनंतर पिकलेले टोमॅटो मात्र मी कुणाला खाऊ दिले नाहीत. आत कोणतं रसायन आहे हे माहीत नसताना तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे कसं ठरवणार? दोन टोपल्या टोमॅटो पुरले. बाटली अजून अर्धी भरलेली आहे. मातीत ओतायची भीती वाटते, गटारात सोडणं चूक आहे, म्हणून झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवली आहे.