मोमो, रॅटाटुई की रामेन? शनिवारच्या सिनेमाला पोरांबरोबर काय रांधावं

आमच्याकडे शनिवारी रात्री सिनेमा असतो. सांगलीच्या विश्रामबागेतलं घर, हॉलमध्ये टीव्ही, खाली सतरंजी, आणि तिच्यावर तिसरीतली लेक, बायको, आई आणि मी. बरेच महिने भडंगाच्या परातीवर सुखानं भागत होतं. मग लेकीनं फर्मान काढलं, की सिनेमात जे खातात तेच आपण खायचं आणि ते तिनं करायचं. पहिल्या शनिवारी मोमो पावणेदहाला ताटात आले आणि सव्वादहाला लेक अर्धा मोमो हातात धरून झोपली. पडद्यावरच्या पांडाला अजून धड लाथ मारता येत नव्हती.

ते मोमो धरून आजवर आम्ही पाच पदार्थ करून पाहिले, त्यातले काही दोनदा. ऑफिसातले दोघेतिघे आता विचारतात, सुरुवात कशापासून करू? त्यांना मी दोनच गोष्टी बघायला सांगतो. पोराच्या हाताला खरंखुरं काम किती आहे, आणि अंधारात मांडीवर ताटली घेऊन तो पदार्थ खाता येतो का. सिनेमातल्यासारखा दिसतो का, हाही एक प्रश्न असतो, पण तो पोरांना पडत नाही, आपल्याला पडतो, आणि तोही फोटोपुरता.

रॅटाटुई: दुपार मोकळी असेल तरच

'रॅटाटुई' हा पिक्सारचा २००७ सालचा सिनेमा, पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा. शेवटी खडूस समीक्षकापुढे जी बशी येते तिच्यावर सगळ्यांचाच जीव जडतो. मूळची रॅटाटुई म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराकडची साधी भाजी: वांगी, टोमॅटो, झुकिनी, ढोबळी मिरची, कांदा-लसूण, सगळं ऑलिव्ह तेलात शिजवलेलं. पडद्यावर दिसतात त्या गोल रचलेल्या चकत्या हे तिचं नटवलेलं रूप. त्याला 'कॉन्फी बियाल्दी' म्हणतात, आणि थॉमस केलर या अमेरिकन शेफनं ते सिनेमासाठी बसवून दिलं. आपल्या भोगीच्या भाजीला कुणी शालू नेसवावा तसा प्रकार.

सांगलीत राहून वांग्यांची काय काळजी, असं वाटेल. पण कृष्णाकाठचं भरताचं वांगं घेतलंत की फसलात. त्याची चकती बशीएवढी आणि टोमॅटोची वाटीच्या बुडाएवढी, शेजारीशेजारी लावायला गेलं की ओळ वाकडीतिकडी होते. मंडईत टोमॅटो हातात धरून त्याच्याच घेराची लांबट वांगी निवडायची. भाजीवाल्या मावशी विचित्र नजरेनं बघतात, बघू द्यात. झुकिनी मॉलमध्ये कधी असते, कधी नसते. मनगटाएवढा कोवळा दुधी तिच्या जागी छान चालतो. काकडी घेऊ नका, एवढं पाणी सुटतं की नक्षी पोहायला लागते. मी घेतली होती.

खाली पसरायला टोमॅटो, कांदा, लसूण आणि भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची यांचा दाटसर रस्सा. वर नाण्याइतक्या पातळ चकत्या. त्या पाडायचं काम मोठ्यांचंच, आणि चिप्सच्या किसणीवर तर पोराला अजिबात बसवू नका. त्याचं काम रचायचं. इथे मात्र रॅटाटुईला तोड नाही. माझी लेक वीस मिनिटं 'वांगं, दुधी, टोमॅटो, वांगं, दुधी, टोमॅटो' असं पुटपुटत बाहेरून आत सरकत होती. मध्ये खळगा उरला तेव्हा तिनं टोमॅटोची एक चकती गुंडाळून त्यात उभी केली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. रांगोळी काढून झाल्यावर बघतात तसं.

पुढे मात्र तासभर तिला काही काम नाही. ओव्हन असेल तर १८० अंशांवर, वर बटर पेपर ठेवून, तासभर. नसेल तर पसरट पॅन, खाली तवा, वर झाकण आणि मंद आचेवर अर्धा तास. तवा विसरलात तर तळ लागतो.

चवीबद्दल खरं सांगतो. पहिल्या घासाला आईनं विचारलं, "अरे, यात मीठ घातलंयस का?" आणि उठून शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. सौम्य भाजी आहे, आपल्या तिखट जिभांना ती दुसऱ्या दिवशी पोळीबरोबर जास्त आवडते. अंधारात खायलाही गैरसोयीची, रस्सा ओघळतो. आमच्या सतरंजीवर एक डाग आहे, तो रॅटाटुईचाच. वांगं न खाणारं पोर वांगं खायला लागेल या आशेनं कुणी करणार असेल तर सांगून ठेवतो: आमच्याकडे मधल्या, स्वतः रचलेल्या तीन चकत्या खाल्ल्या गेल्या आणि बाकीच्या बायकोच्या ताटात सरकल्या. वांग्याच्या बाबतीत तीन चकत्या म्हणजे आमच्या घरचा विक्रमच, पण सिनेमा बघून मन पालटलं वगैरे काही नाही.

एक मोठा फायदा सांगायचा राहिला. हे दुपारी करून ठेवता येतं, रात्री नुसतं गरम करायचं. ऐनवेळची धावपळ नाही.

मोमो: आजी घरात असेल तर दुसरा विचारच नको

'कुंग फू पांडा' (२००८) मधल्या पो या पांडाचे वडील नूडल्सचं दुकान चालवतात, आणि पोला शिकवायचं तर त्याच्यापुढे खाणं धरावं लागतं, हे गुरू शिफूच्या लक्षात येतं. एका डम्पलिंगसाठी दोघांची काड्यांनी लढाई होते, तो सिनेमाचा कळस समजा. तिथलं डम्पलिंग चिनी, आपल्या गाड्यांवर मिळतो तो तिबेट-नेपाळकडचा मोमो. पण घरात करायला बसलं की दोन्ही मोदकाचेच चुलतभाऊ निघतात.

आईला नाव पटेना, रीत लगेच पटली. पारी लाटायची, सारण भरायचं, कळ्या पाडायच्या, मोदकपात्रात ठेवायचं. सारण तिखट, एवढाच फरक. बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा, आलं-लसूण, मिरी. पुढच्या अर्ध्या तासात स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडून आईकडे गेला आणि मी कोबी चिरायला उरलो.

"अंगठा आत ठेव. बोटांनी कळी धर, ओढू नको."

"आजी, पांडाला कळ्या येत नाहीत."

"म्हणून तर नुसता खात बसतो."

लेकीचा पहिला मोमो फुटला. दुसरा बंद झाला, पण दिसायला बटाट्यासारखा. सहाव्याला पाच कळ्या आल्या. जाड, वेड्यावाकड्या, पण मोजता येण्यासारख्या. तो तिनं ओळखू यावा म्हणून वर गाजराचा तुकडा खोचून ठेवला आणि वाफवल्यावर तोच शोधून खाल्ला. पोराच्या हाताला खरं काम म्हणतो ते हे. रचण्यात चूक होत नाही, म्हणून काही शिकल्यासारखंही वाटत नाही. कळीत चूक होते, आणि ती पुढच्या पारीत सुधारते. आठ वर्षांच्या पोराला अशा चोवीस पाऱ्या म्हणजे चोवीस संधी.

आता त्या पावणेदहाची गोष्ट, कारण तुमचंही तिथेच घोडं अडेल. दोन वाट्या मैद्याचे चोवीस मोमो झाले. आमच्या मोदकपात्रात एका वेळी आठ मावतात. एक घाणा बारा मिनिटं, म्हणजे तीन घाण्यांना नुसत्या वाफेचीच छत्तीस मिनिटं. त्याआधी मैदा अर्धा तास झाकून ठेवायचा, आणि मी तो मळायलाच साडेसात वाजवले होते. गणित आधी केलं असतं तर लेक जागी राहिली असती. आता इडलीचं भांडं वापरतो, चार ताटल्यांवर सोळा बसतात. ताटलीला तेलाचा हात किंवा खाली कोबीचं पान. गणपतीच्या दिवसांत हळदीचं पान मिळालं तर तेच, हळदीच्या पेठेच्या गावात तेवढं तरी करावं.

सारण सकाळी चिरून ठेवलं तरी मीठ आयत्या वेळीच. आधी घातलं तर कोबी पाणी सोडतो आणि पारी फाटते. लाटलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या.

आणि खायला? हातानं उचलायचा, चटणीत बुडवायचा, नजर पडद्यावर. थंड झाला की मात्र चामड्यासारखा लागतो, म्हणून शेवटचा घाणा सिनेमा सुरू होताना गॅसवर असलेला बरा.

रामेन: स्वयंपाक कमी, नाटक जास्त

रामेन म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्स. जपानचे दिग्दर्शक मियाझाकी यांचा 'पोन्यो' हा सिनेमाही २००८ चाच. वादळाच्या रात्री आई दोन पोरांपुढे वाडगे ठेवते, वर गरम पाणी ओतते, झाकण घालते आणि तीन मिनिटं थांबायला लावते. झाकण निघतं तेव्हा नूडल्सवर हॅम आणि अंडं असतं. पोन्यो खाता खाताच पेंगते. (ते बघून लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही.)

आपल्याकडच्या बहुतेक पाकिटांतल्या नूडल्स शिजवायच्या असतात, नुसत्या पाण्यात भिजवायच्या नसतात. तेव्हा त्या आधी पातळ रश्श्यात शिजवून वाडग्यात काढायच्या. पोराचं काम वरचं सजवायचं: अर्धं उकडलेलं अंडं, कांद्याची पात, हॅमऐवजी तव्यावर परतलेला पनीरचा पातळ तुकडा. मग झाकण. शिकण्यासारखं फारसं नाही, दहा मिनिटांत खेळ खलास.

तरीही हा पदार्थ मी रॅटाटुईच्या वर ठेवतो. त्या दृश्याला आम्ही सिनेमा थांबवला, चार वाडग्यांवर चार झाकणं ठेवली, दिवा बंद ठेवला आणि लेकीनं मोठ्यानं एकशे ऐंशीपर्यंत आकडे मोजले. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं, तिनंच तर ठेवलं होतं. तरी झाकण उचलताना वाफ तोंडावर आली आणि ती ओरडली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं त्या गावातल्या पोरीला पडदा उघडायची गंमत कळणारच.

अडचणी दोन. एक म्हणजे आमच्याकडे शनिवारी अंडं चालत नाही. आईचा शनिवार असतो, त्यामुळे रामेनचा सिनेमा रविवारी गेला आणि सोमवारी सकाळी शाळेच्या रिक्षाला पळापळ झाली. दुसरी, वाडगं कढत असतं. सहा वर्षांखालच्या पोराच्या मांडीवर ते देऊ नका, पाटावर ठेवा. आणि सबटायटल वाचत बघणार असाल तर मान खाली घालून सुर्र करण्यात निम्मे संवाद हुकतात. आम्ही इंग्रजी आवाजात पाहिला, तो घरात कुणालाच पूर्ण कळला नाही, पण अडलंही नाही.

उरलेले दोन, थोडक्यात

'इंग्लिश विंग्लिश'चे (२०१२) लाडू ऐकायला सगळ्यांत सोपे. शशी लाडू विकणारी, पुण्याची, म्हणजे घरातलीच. पण बेसन मंद आचेवर अर्धा तास भाजायचं, कोमट झाल्याशिवाय पिठीसाखर घालायची नाही, नाहीतर लाडू बसतात. एवढा वेळ पोर ओट्याजवळ टिकत नाही. वळायला आलं तेव्हा लेक शेजारी खेळायला गेली होती, परत आली ती वर बेदाणा टोचण्यापुरती. तासगावचे बेदाणे होते, टोचले त्याहून जास्त पोटात गेले. हे लाडू दोन दिवस आधी करून ठेवता येतात, सिनेमात आईचे लाडू पोराच्या खोडीमुळे जमिनीवर पडतात तेव्हा हातातला लाडू घट्ट धरला जातो, आणि सिनेमा आजीला पहिल्या मिनिटापासून कळतो. स्वयंपाकासाठी नव्हे, एकत्र बघण्यासाठी हा निवडा.

'पॅडिंग्टन' या सिनेमातलं अस्वल टोपीखाली ठेवतं ते मार्मलेड सँडविच सोडून द्या. ते संत्र्याच्या सालीसकट केलेलं, मुळातच कडसर असतं. आमच्या लेकीनं पहिला घास थुंकला आणि अस्वलाची कीव केली. पावात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम लावून टोपीखाली ठेवायला द्या, काम होतं.

मग तुम्ही काय करावं

पोर सहा ते दहा वर्षांचं असेल आणि घरात मोदक येणारं कुणी असेल, तर मोमो. फक्त घाण्यांचं गणित आधी करा. पोर पाचेक वर्षांचं असेल, किंवा शनिवारी तुम्हीच थकून येत असाल, तर रामेन, आणि तोही पाटावर. रॅटाटुई दहाच्या पुढच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या पोरासाठी. दुपार मोकळी हवी आणि शेजारी चटणी हवी. दोन पोरं असतील तर मात्र रॅटाटुई आधी घ्या. चकत्या दोघांत वाटून देता येतात, मोमोच्या पारीवरून भांडणं होतात. बहिणीच्या घरी सातारला झाली, ऐकून आहे.

आमच्याकडे या शनिवारी पुन्हा मोमो आहेत. मैदा पाचला मळायचा, पहिला घाणा सातला, सिनेमा साडेसातला. चारपाच पाऱ्या आपल्यासाठी बाजूला ठेवायला आईनं सांगितलंय, त्यात ती गूळखोबरं भरणार आहे. लेकीनं अट घातलीय की त्या मोमोंना अकरा कळ्या हव्यात आणि ती मोजून घेणार.