केबिल्डसोबत आठ महिने: कर्नल बांधताना तयार होणाऱ्या कोडचा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीजवळ ३२-बिट आर्म प्रोसेसरचा छोटा बोर्ड बसवला आहे. पाण्याच्या पातळीच्या सेन्सरसाठी मी त्याचा ड्रायव्हर लिहिला, आणि त्यापायी जूनपासून लिनक्स ६.६ चा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) घरच्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मूळ कोडवरून कितीदा तरी बांधून झाला. पऱ्हाटीच्या फवारणीच्या दिवसांत बिल्ड रात्रीच लावायचो. पहिला पूर्ण बिल्ड साडेतीन तास चालला.

कर्नलचा काही कोड मुळात कुणी हाताने लिहिलेलाच नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिल्ड चालू असतानाच तो तयार होतो, आणि केबिल्ड, म्हणजे कर्नल बांधायची लिनक्सची स्वतःची व्यवस्था, तो ज्या पद्धतीने सांभाळतं ती मला मनापासून आवडली.

सगळ्यात जास्त आवडलं ते एएसएम-ऑफसेट्स. असेंब्लीच्या (प्रोसेसरच्या आज्ञांच्या अगदी जवळच्या भाषेतल्या) फायलीला सी भाषेतलं स्ट्रक्चर, म्हणजे एकत्र बांधलेल्या घटकांचा गठ्ठा, वाचता येत नाही, पण त्यातला अमुक घटक कितव्या बाइटवर आहे हे तिला लागतंच. हे आकडे एखादा छोटा प्रोग्रॅम चालवून छापून घ्यावेत, असं कुणालाही वाटेल. पण माझा लॅपटॉप इंटेलचा आणि बोर्ड आर्मचा. बोर्डासाठी बनलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालणार कसा? म्हणून केबिल्ड तो चालवतच नाही. आर्मच्या कंपायलरकडून त्या सी फायलीची फक्त असेंब्ली काढून घेतं, त्यात खुणेसह उमटलेले आकडे सेड या मजकूर गाळणाऱ्या अवजाराने वेचतं आणि त्यांची हेडर फाइल (इतर फायलींत ओढून घ्यायची व्याख्यांची फाइल) बनवतं. फिक्सडेप (फायलींचं अवलंबित्व बघणारं), मॉडपोस्ट (मॉड्यूल तपासणारं), केऑलसिम्स (कर्नलमधल्या नावांची यादी बनवणारं) ही अवजारं मात्र बिल्डमध्येच चालवायची असतात, म्हणून ती लॅपटॉपच्या स्वतःच्या कंपायलरने बनतात. एकाच बिल्डमध्ये दोन कंपायलर का, हे मला तेव्हा कळलं.

जुलैत मी एक चूक केली. कर्नलचा एक पर्याय चालू करायला सरळ ऑटोकॉन्फ डॉट एच उघडली आणि हाताने ओळ घातली. लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या, म्हणजे नाव सापडत नसल्याच्या, ओळीच ओळी आल्या. दोन दिवसांनी उमगलं: डॉट कॉन्फिग या पर्यायांच्या फायलीतून दोन फायली निघतात, सी कोडसाठी ऑटोकॉन्फ डॉट एच आणि बिल्ड चालवणाऱ्या मेकसाठी ऑटो डॉट कॉन्फ. मी एकीलाच सांगितलं. सी कोडला वाटलं पर्याय चालू आहे, मेकने मात्र ती फाइल कंपाइल केलीच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आता तयार झालेल्या फायलीला मी हात लावत नाही, बदल मेन्यूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेन्यूमध्येच करतो.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, आणि लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली. इथे फिक्सडेपने फार वेळ वाचवला. एरवी एक पर्याय बदलला की ऑटोकॉन्फ डॉट एच बदलते आणि सगळंच पुन्हा कंपाइल व्हायला हवं. फिक्सडेप प्रत्येक फाइल कोणते पर्याय वापरते ते बघून तेवढ्यांवरच अवलंबित्व ठेवतं, त्यामुळे माझ्या ड्रायव्हरचा पर्याय बदलल्यावर काही मिनिटांत काम होतं. तयार केलेली हेडरसुद्धा आधीसारखीच निघाली तर जुनी तशीच राहते, तिची वेळ बदलत नाही.

पण अचानक वीज गेली की कधी कधी शून्य बाइटच्या डॉट ओ (कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या) फायली मागे राहतात. मेकला त्या नव्या दिसतात, तो पुढे जातो आणि लिंकिंगला अडतो. अशा वेळी रिकाम्या डॉट ओ शोधून पुसा आणि पुन्हा मेक द्या. इन्क्लूड/कॉन्फिगमधल्या रिकाम्या फायली बघून घाबरू नका, त्या रिकाम्याच असतात.

तक्रारही आहे. लिनक्स ४.१६ पासून फ्लेक्स आणि बायसन ही मजकूर वाचणारा कोड बनवणारी अवजारं लागतात, वेळेच्या स्थिरांकांसाठी बीसी हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम लागतो. यातलं एखादं नसेल तर बिल्ड थांबतो आणि मोबाइलच्या नेटवर्कसाठी गच्चीवर जावं लागतं. ही तिन्ही आधीच उतरवून ठेवा. शेवटचं लिंकिंगही जड आहे. केऑलसिम्सची नावांची यादी आत घातली की पत्ते सरकतात, म्हणून यादी पुन्हा बनते आणि पुन्हा लिंक होतं. ४ जीबीत तेवढा वेळ ब्राउझर बंदच ठेवा.

तुरीची सोंगणी आटोपली की ६.१२ वर जाणार आहे. जुनी डॉट कॉन्फिग जपून ठेवली आहे, आधी मेक ओल्डडेफकॉन्फिग (जुने पर्याय ठेवून नव्यांना ठरलेली किंमत देणारी आज्ञा) चालवेन आणि बिल्ड रात्री जेवणानंतर लावेन.