अर्ध्या ड्रममधलं साई सरबती लिंबू: 22 महिन्यांनंतर

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा साई सरबती वाण, रंगपूर लिंबाच्या खुंटावरचं (म्हणजे मुळं असलेल्या खालच्या झाडावर बांधलेलं) कलम. 200 लिटरचा प्लास्टिक ड्रम मधोमध कापून त्याच्या अर्ध्या भागात लावलेलं, पुण्यातली गच्ची, रोज सहा-सात तास ऊन. जूनमध्ये लागवड झाली, आता दुसरा एप्रिल चालू आहे. गच्चीसाठी कलमच घ्यावं. बियांचं रोप स्वस्त मिळतं, पण फळाला चार-पाच वर्षं लावतं.

कुंडीतलं लिंबू उपाशी क्वचित मरतं, मरतं ते साचलेल्या पाण्यानं. म्हणून ड्रमला तळाशी 12 मिलिमीटरची दहा भोकं, दोन इंच वर बाजूनं आणखी चार, आणि ड्रम विटांवर. मिश्रणात दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, वर 200 ग्रॅम निंबोळी पेंड. नुसतं कोकोपीट भरू नका, पावसाळ्यात ते चिंबच राहतं. कलमाचा जोड मातीच्या चार इंच वर हवा. तो पुरला गेला की खोडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, धरतो. जोडाखालचे फुटवे दिसताच काढा, ते खुंटाचे असतात आणि कलमाला मागे टाकतात.

पाणी बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच. मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर लागतं, जुलैत बहुतेक दिवस काहीच नाही. बोअरच्या जड पाण्यानं नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता. अशा पाण्यात ईडीटीए प्रकारातलं लोहाचं चिलेट (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) फारसं टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारातलं आणावं. जस्तासाठी लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, फवारणी नव्या पालवीवर.

नागअळी, म्हणजे पानाच्या आत नागमोडी रेषा कोरणारी अळी, प्रत्येक पालवीवर येतेच. पालवी कोवळी असतानाच संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारला तर उपयोग. पान वळल्यावर फवारणी वाया जाते. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची, ती हातानं वेचावी. खैऱ्या (कँकर) रोगाचे खडबडीत डाग दिसले की ती फांदी छाटून लिटरला 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड.

पहिल्या वर्षीची फुलं सगळी खुडली, जिवावर येतं तरी खुडावीच. खरी मजा हस्त बहाराची, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याची. त्यासाठी आधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही दिवस तहानलेलं ठेवावं लागतं. शेतात सप्टेंबरच्या पावसात ताण बसत नाही, ड्रमला मात्र देता येतो: मातीवर प्लास्टिक बांधून पाणी तोडायचं. दुपारी पानं मिटू लागली आणि सकाळीही नीट उघडली नाहीत की ताण पुरे. ड्रममध्ये याला आठ-दहा दिवस लागतात. मग प्लास्टिक काढून अर्धा किलो गांडूळखत आणि पाणी, पण पहिल्या दिवशी निम्मंच. एकदम भरपूर दिलं की फुलं गळतात. ऑक्टोबरची फुलं धरली आणि बाजारात लिंबू सर्वांत महाग असतं तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, साठेक फळं हाती आली. साल पातळ, रस भरपूर.

ओढून तोडू नका, देठाशी साल फाटली की लिंबू दोन दिवसांत सडतं. कात्रीनं बारीक देठ ठेवून कापा. सरबताला गडद हिरवा रंग उतरून साल चकाकू लागलेलं चालतं. लोणच्याला झाडावरच पूर्ण पिवळं होऊ द्या, साल लवकर मुरते.